पट्ट्यातला एक इंच

कॉव्हेंट्री
रविवार, ८ सप्टेंबर १९०७

केझीताई,

मी जिवंत आहे. आधी एवढं वाच, मग पाहिजे तर कागद चुलीत घाल.

सात महिन्यांत एक ओळ धाडली नाही हे मला माहीत आहे. अक्षर बघून हसू नकोस, कातड्याच्या तुकड्यावर आरीनं टोचून तूच शिकवलंस. कागदावर लिहायला लागलं की माझा हात अजून टोचतोच. ह्या पानाला दोन भोकं पडलीत ती त्यामुळे.

मी इथे मोटरसायकलींच्या कारखान्यात आहे. आधी चार महिने ओतीव लोखंडाची खरखर घासत होतो. मग एक दिवस पट्टा तुटला, आणि तो मी आपल्या खोगिरांच्या दुकानातल्यासारखा जोडून दिला, तेव्हापासून मला पट्ट्यांच्या बाकावर बसवलंय. मुकादम ट्रँटर म्हणून आहे. मी तोंड उघडलं की तो हाताखालच्यांना ओरडून सांगतो, "गप्प बसा रे, मेंढरू काहीतरी बोलतंय!" आपली बोली इथे कुणाला कळत नाही. मी चार वेळा बोलतो आणि पाचव्यांदा बोटानं दाखवतो.

राहतो मिसेस बज ह्यांच्याकडे. बाई चांगली आहे, पण रोज संध्याकाळी आतड्याचं कालवण. चीज म्हणून जे देते ते बाबांनी खोगिराला लावलं असतं.

आता मुद्द्याचं सांगतो, कारण तुला तेच आवडेल.

गेल्या जानेवारीत तो डॉक्टर मोटरसायकल घेऊन आपल्या चढावर अडकला होता, आठवतं? आपण दोघांनी गाडी ढकलली. तू त्याला विचारलंस, "सपाटीवर एवढी धावते, मग चढावर का मरते?" त्यानं उत्तर मला दिलं. तू पुन्हा विचारलंस, त्यानं पुन्हा माझ्याकडे बघून सांगितलं. तर ते उत्तर अर्धवट होतं. खरं असं आहे: इंजिनाला एक पुली, मागच्या चाकाला एक पुली, मध्ये पट्टा. पुल्यांची मापं ठरली की इंजिनाचे किती फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा, हे कायमचं ठरलं. चढ आला की इंजिनाला दम लागतो. मग माणसानं उतरायचं, बाजूनं पळायचं, आणि माथ्यावर उडी मारून बसायचं. मोठमोठे साहेब टोपी सांभाळत असे पळतात, बघून मजा वाटते.

आमच्या मालकांनी, मिस्टर पेलनी, आता इंजिनाची पुलीच दोन बश्यांची केली आहे. बश्या समोरासमोर. जवळ आणल्या की पट्टा वर चढतो, म्हणजे पुली मोठी झाली. लांब केल्या की पट्टा खाली बुडतो, म्हणजे पुली लहान. चालत्या गाडीत! सपाटीला मोठी, चढाला लहान, आणि मध्ये पाहिजे तेवढी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबा खायचं विसरलो.

पण एक अडतं. पट्टा खाली बुडाला की ढिला पडतो. ढिला पट्टा घसरतो. म्हणून त्याला दाबायला एक रूळ लावलाय, आणि तो रूळ पट्टे खातो. आठवड्याला सहा.

तुझ्या लोण्याच्या पिंपाला तू काय केलं होतंस? सहज विचारतोय.

त्या पिंपाचा तो छोटा लाकडी नमुना तू शोधत असशील तर माळ्यावर गवताखाली बघ. तिथे असेल.

तुझा
लॅन्टी


कॉव्हेंट्री
रविवार, २९ सप्टेंबर १९०७

केझीताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

माळ्यावर बघितलंस का? बघितलं असशील तर गवत परत रचून ठेव, बाबा चिडतील. नमुना तिथे नाही. माझ्याकडे आहे. निघताना पिशवीत कसा आला ते... नाही, असं लिहिणार होतो, पण खोडतो. मी ठेवला म्हणून आला. मोज्यांत गुंडाळून.

तू म्हणशील, नेमकं तेच का? पिंप मोडून बाबांनी कोंबड्यांचं खुराडं शाकारलं तेव्हा तू काही बोलली नव्हतीस. नमुना तेवढा उचलून खिडकीत ठेवलास. मी रोज शिवताना त्याच्याकडे बघत बसायचो. तुझ्या दोन लाकडी बश्या, कातड्याची वादी, आणि तो लाकडी आट्यांचा दांडा. लोणी यायच्या आधी पिंप भरभर फिरायला हवं आणि गोळा धरू लागला की हळू, आणि आई एका हाताला आखडलेली, तिला पिंप फिरवणाऱ्या ओढ्याच्या चाकापर्यंत धावायला नको, म्हणून केलेलं. एक दांडा फिरवला की बश्या लांब, आणि त्याच दांड्यानं पिंपाखालचा अख्खा लाकडी पाट मागे सरकायचा. म्हणून वादी कधी ढिली पडायची नाही. मी तेव्हा फक्त गंमत म्हणून बघत होतो. इथे रूळ पट्टे खाताना बघितला आणि एकदम डोक्यात आलं: अरे, पाट सरकतो!

म्हणजे रूळ नकोच. मागचं चाकच मागे सरकवायचं.

हे मी ट्रँटरला सांगितलं. तो दुपारचा पाव खात होता.

"काय सरकवायचं?"

"मागचं चाक. आख बसतो तिथे लांबट खाच पाडायची. बश्या उघडल्या की चाक मागे, मिटल्या की पुढे. एकाच दांड्यावर."

तो चावायचा थांबला. "चालत्या गाडीचं चाक सरकवतोस? मेंढरा, तुमच्याकडे पाण्यात काय घालतात रे?"

मग मी नमुना आणून बाकावर ठेवला आणि फिरवून दाखवला. ट्रँटरनं पाव खाली ठेवला. स्वतः फिरवला. पुन्हा फिरवला. "कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "घरी केलंय."

खोटं नाही ते. केझीताई, खोटं नाही, पण मी तिथेच थांबलो आणि त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. मिस्टर पेल येऊन चष्मा पुसून पुसून बघून गेले. दुसऱ्या दिवसापासून मला जोडणीच्या बाकावर बसवलंय, आणि ट्रँटर मेंढरू म्हणत नाही, "आमचं मेंढरू" म्हणतो.

एक विचारायचं होतं. तुझ्या नमुन्यात बश्या पार मिटलेल्या असोत की पार उघडलेल्या, वादी दोन्ही टोकांना सारखीच ताठ राहते. आमच्या गाडीत राहत नाही. मधे बरोबर, एका टोकाला जराशी सैल, दुसऱ्या टोकाला कडक. ते कसं जमवलंस? आकडे मला नीट येत नाहीत, म्हणून सोबत दोरीचे तीन तुकडे पाठवतोय. एक गाठ असलेला म्हणजे चाक अगदी पुढे असताना इंजिनाच्या पुलीपासून मागच्या पुलीपर्यंतचं अंतर. दोन गाठींचा म्हणजे चाक अगदी मागे. तिसरा बश्यांची रुंदी. मागच्या पुलीचा घेर कागदावर पेन्सिलीनं काढलाय.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

लॅन्टी

आईचा हात कसा आहे?


कॉव्हेंट्री
रविवार, २० ऑक्टोबर १९०७

केझीताई,

पार्सल मिळालं. चिठ्ठी शोधायला मी वेष्टनाचा कागद तीनदा उलटा केला. मग मिसेस बजनी केला. म्हणाल्या, "काय हो, प्रेयसीनं पट्टा पाठवलाय?" मी म्हणालो, बहिणीनं. "मग नक्की फटके द्यायला असेल," म्हणाल्या.

पण काय पट्टा आहे! तीन पदरी, कडा तिरक्या कापलेल्या, बश्यांत बसायला अगदी बेताच्या, आणि टाका इतका बारीक की ट्रँटरनं भिंग आणलं. दोन्ही टोकांना तू आरीनं खूण केली आहेस, दोन टोकं जोडणारा लोखंडी आकडा अडकवायचं भोक कुठे पाडायचं त्याची. बाकी एक शब्द नाही. ठीक आहे. दोऱ्या पोचल्या एवढं कळलं.

गाडी तयार झाली. टाकीच्या वर एक हँडल उभं आहे, गोल फिरवायचं, अगदी कॉफी दळायच्या जात्यासारखं. ते फिरवलं की खाली बश्या हलतात, आणि साखळीवरून मागे चाक दोन्ही बाजूंनी सारखं सरकतं. कारखान्यातले सगळे येऊन फिरवून जातात. "वाण्याकडे लाव रे, आमची कॉफी दळून दे." "साखर किती?" आमचा गाडी चालवणारा डिल्क म्हणून आहे, लांब पायांचा, मिशीला मेण लावणारा. तो अंगणात तीन चकरा मारून आला आणि नुसता हसत राहिला. म्हणाला, "अरे, ही थांबतच नाही बदलायची. पायरी पायरी नाही, उतारावरून पाणी येतं तशी येते."

तुला बसवायला पाहिजे होतं त्याच्यावर. तू पहिल्या चकरीतच खाली वाकून पुली बघत पडली असतीस.

नऊ नोव्हेंबरला क्रॅबट्री बँकवर चढाची शर्यत आहे. तो चढ मी पायी चढून आलो. वरच्या वळणावर तर घोड्याच्या गाडीलाही दुसरा घोडा जोडतात. मोटरसायकलवाल्यांच्या क्लबातले काही म्हणतायत की आमची गाडी धरायचीच नाही, एका गाडीला एकच गिअर हवा, नाहीतर ती शर्यत कसली. मिस्टर पेल खूष आहेत. "आत्ताच घाबरले," म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मी दोन रविवार घालवले.

पेटंटचा कागद आलाय. वकिलानं मला वाचून दाखवला. त्यात लिहायचं की हे मी शोधलं, खरा आणि पहिला शोधणारा मीच, आणि खाली सही. शर्यतीनंतरच्या सोमवारी सही करायची आहे. मिस्टर पेल म्हणाले, "लान्सलॉट फॉसेट, सगळं नाव लिहायचं हं, लॅन्टी नको." घरी मला लान्सलॉट कोण म्हणतं? बारशाच्या पाद्र्यानंतर कुणीच नाही.

मी हो म्हणालो.

केझीताई, तू काय केलं असतंस ह्या कागदाचं? बाबांनी दुकानाच्या पाटीवर तुझं नाव लिहिलं नाही, निम्मी खोगिरं तुझी असून. तुला इथे कुणी बाकावर बसू दिलं नसतं. मी बसलो म्हणून ते झालं, नाहीतर नमुना खिडकीत कोळ्यांना राहायला पडला असता. असं मी स्वतःला सांगतो. सकाळी पटतं. पट्टा बघितला की पटत नाही.

अजून एक टोक कडक होतंय, सगळ्यात लहान गिअरला. तुझा पट्टा अजून चढवलेला नाही, शर्यतीसाठी जपून ठेवलाय.

नको म्हणायचं असेल तर नको म्हण. एका शब्दात चालेल.

लॅन्टी


कॉव्हेंट्री
रविवार, १० नोव्हेंबर १९०७

केझीताई,

तुझा एक शब्द आला नाही, आणि काल जे झालं ते आता तुला मीच सांगतो.

सकाळपासून धुकं, सगळं ओलं. चढाच्या पायथ्याशी दीडदोनशे माणसं, कुत्री, चहाचा तंबू. तुझा पट्टा पेटीतून काढला. हातात घेतला आणि बाबांचा आवाज कानात आला: "नवं कातडं ताणतंच. आधीच एक इंच खा, मग चढव." लगामाला, तंगाला, पोटपट्ट्याला, आपण कायम खाल्लाय एक इंच. शिवाय हवा ओली. पट्टा घसरला तर सगळं गेलं. मी सुरी काढली, तुझ्या खुणेच्या आत एक इंच मोजला, कापला, नवं भोक पाडलं आणि आकडा घातला.

ट्रँटर बघत होता. "खुणेवर नाही कापत?"

"कातडं आमच्या घरचं आहे, मला कळतं."

तुकडा मी खिशात टाकला.

आमच्या आधी सात जण गेले. पाच जणांना उतरून पळावं लागलं. एक जण पळता पळता गाडीच्याच मागे राहिला आणि गाडी एकटी कुंपणात गेली, लोकांना फार आवडलं ते. मग डिल्क. केझीताई, ती गाडी कशी गेली ते सांगू? चढ उभा होत गेला तसा तो डाव्या हातानं जातं फिरवत गेला, आणि इंजिनाचा आवाज बदललाच नाही. लोक बोलायचे थांबले. सगळ्यांना जो आवाज खाली जाताना ऐकायची सवय आहे, तो जातच नव्हता. माझ्या शेजारचा एक म्हातारा पाइप तोंडातून काढून म्हणाला, "ह्याला कुणी ढकलतंय की काय?"

वरच्या वळणावर डिल्कनं हँडल शेवटपर्यंत फिरवलं. चाक खाचेत पार मागे गेलं. आणि चाबूक ओढल्यासारखा आवाज आला.

आकडा भोक फाडून निघाला. गाडी थांबली, मग मागे यायला लागली, आणि डिल्क त्याच्या सगळ्या मेणासकट खंदकात. त्याला काही झालं नाही, गुडघे सोलले. वर उठून त्यानं आधी मिशी चाचपली.

मिस्टर पेल ओरडले नाहीत. संध्याकाळी पाचला कारखान्यात त्यांनी मला आणि ट्रँटरला बोलावलं. तुटलेला पट्टा टेबलावर. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "खिशातलं द्या."

ट्रँटरनं सांगितलं असणार. मी तुकडा दिला. त्यांनी तो पट्ट्याच्या टोकाला लावला, मग माझ्या दोरीसारखी एक दोरी घेऊन मोजत बसले, चाक पुढे, चाक मागे. बराच वेळ. मग म्हणाले, "तुकडा धरून लांबी बरोबर येते. दोन्ही टोकांना. केसभर फरक नाही."

त्यांनी पट्टा उलटा केला.

"आणि हा पट्टा नवा नाही. म्हणजे कातडं नवं आहे, पण आधीच ताणून घेतलेलं आहे. हे बघा, ह्या टोकाला वजन लटकवल्याचा वळ आहे. आठ दहा दिवस लटकत असणार. ज्यानं हे केलं त्याला माहीत होतं की एक इंच खायचा नाही." चष्मा काढला. "ज्यानं चाक सरकवायचं डोक्यात आणलं, तो हा इंच कापेल का, फॉसेट?"

ट्रँटर खिडकीबाहेर बघत होता. त्याला माझी कीव आली असावी, आणि ते जास्त लागलं.

मी म्हणालो, "नाही."

"मग कुणाचं आहे हे?"

"बहिणीचं. केझाया फॉसेट. पिंपासाठी केलं होतं. लोण्याच्या."

"किती वर्षांपूर्वी?"

"आठ. ती सतरा वर्षांची होती."

ट्रँटर वळला. "पोरीनं केलंय हे?" मग एकदम हसायला लागला, आणि हसता हसता खुर्चीवर बसला. "आठ वर्षं आम्ही इथे गुडघे फोडतोय, आणि तिकडे लोणी निघत होतं!"

मिस्टर पेल हसले नाहीत. कागद काढला, माझं नाव पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलं होतं ते रबरानं पुसलं. मी विचारलं, बाईचं नाव चालतं का. ते म्हणाले, "कायद्यात 'शोधणारा माणूस' म्हटलंय. मिशी पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही." सही कुणाची ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. माझ्या तोंडाचं त्यांनी पुरेसं ऐकलं म्हणाले. मला काढलेलं नाही. पट्ट्यांच्या बाकावर परत पाठवलंय.

आता उरलेलं एक. हे कुणी विचारलेलं नाही, तरी लिहितो. जानेवारीत त्या डॉक्टरनं निघताना कारखान्याच्या पत्त्याचं कार्ड दिलं होतं. तू गाडीमागची दगडं काढायला गेली होतीस. तो मला म्हणाला, "हे तुझ्या बहिणीला दे. असे प्रश्न विचारणारं माणूस तिथे कुणाला तरी हवं असेल." उत्तरं मला देत होता, पण ऐकत तुझं होता. मी कार्ड खिशात ठेवलं. उद्या देऊ, परवा देऊ म्हणत महिना गेला, आणि मग मीच निघालो. कार्ड घेऊन. आणि नमुना घेऊन, म्हणजे दारात दाखवायला काहीतरी असावं.

दोन्ही तुझं होतं.

कापलेला इंच सोबत पाठवतोय. ह्या कारखान्यातली माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली तेवढी एकच गोष्ट आहे.

कागद कोरा ठेवलाय. मिस्टर पेल ख्रिसमसपर्यंत थांबतील. ये किंवा येऊ नकोस, पण तुझं नाव तुझ्या हातानं लिही. नमुना मी नीट गुंडाळून ठेवलाय, मोजे धुतलेले आहेत.

लॅन्टी


कॉव्हेंट्री
रविवार, २४ नोव्हेंबर १९०७

केझीताई,

काल पार्सल आलं. मिसेस बज जिन्यातूनच ओरडल्या, "पुन्हा फटके आले हो!"

वर एक नवा पट्टा. त्याच्या आत गुंडाळलेला माझा तो इंच. मला वाटलं, तोंडावर फेकलास. मग उलटा केला, आतल्या मऊ बाजूला आरीनं टोचलेलं दिसलं. खिडकीशी नेऊन बोटानं वाचलं, लहानपणी वाचायचो तसं, एकेक अक्षर.

"मंगळ ३. गधड्या."

एवढ्याशा तुकड्यात तू येण्याचा दिवस आणि शिवी दोन्ही बसवलंस. मी जिन्यात बसून इतका हसलो की बाई पाणी घेऊन आल्या. ट्रँटरला दाखवलं. तो म्हणाला, "तारखेपेक्षा नावच छान आहे." आता तो मला मेंढरू म्हणत नाही, गधडा म्हणतो. तुझ्या कातड्यावर लिहिलेलं आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही.

ऐक. तीन तारखेला हॉज जंक्शनला सकाळची पहिली गाडी धर. लीड्सला बदलायची, घाई करू नकोस, तासभर मिळतो, पण फलाट लांब आहे. मग बर्मिंगहॅमला एकदा. खायला घरचं आण. आणि जमलं तर आपलं चीज आण, मिसेस बजना दाखवायचंय चीज कशाला म्हणतात. मी चारपासून स्टेशनवर उभा असेन. गाडी पाचला येते.

बाबांना काय सांगितलंस ते कळव, किंवा नको, आल्यावर सांग. दुकान चार दिवस बंद राहिलं तर त्यांना कळेल खोगिरं कोण शिवतं ते.

मिस्टर पेलनी तुझ्यासाठी प्रश्न लिहून काढलेत. दीड पान झालं. डिल्कनं मिशी अर्धी केली, का ते विचारू नकोस. क्लबवाल्यांनी कळवलंय की पुढच्या वर्षी असल्या गिअरच्या गाडीला बंदी. मिस्टर पेलनी ते पत्र चौकटीत घालून दाराशी लावलंय. आत येताना बघशील.

मला भीती वाटतेय तुझी. हे लिहून ठेवतो, म्हणजे फलाटावर मी नुसता टोपी फिरवत उभा राहिलो तर तुला कळेल का ते.

नवा पट्टा बाकावरच्या खिळ्याला टांगलाय. ट्रँटर विचारत होता, चढवून बघायचा का. मी म्हणालो, ती येऊ दे. माझी सुरी मी त्याच्याकडे ठेवायला दिली आहे.

तुझा
लॅन्टी